मगदूमसाहेबांचं कोपरेवाचन

"वरचा डावा कोपरा घ्या," मगदूमसाहेब म्हणाले.

डॉक्टर शिराळकरांनी लॅपटॉपवर बोट फिरवलं. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर चिंचेची एक डहाळी उमटली, ताटाएवढी झाली, पाटाएवढी झाली आणि शेवटी भिंतभर पसरली. मगदूमसाहेब खुर्चीतून उठले, भिंतीपाशी गेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि पानांचा वास घ्यावा तसे उभे राहिले. हॉलमधली आम्ही आठ-दहा माणसं श्वास रोखून बसलो होतो. बाकीच्यांनी तो आदरानं रोखला होता, मी भीतीनं.

कारण ती डहाळी माझ्या ओळखीची होती. हरिपूरच्या घाटावरची चिंच ती. आणि त्या डहाळीच्या खाली, फोटोच्या अगदी मध्यभागी, पण या क्षणी भिंतीच्या बाहेर, मगदूमसाहेबांची एकुलती एक मुलगी उभी होती. हसत. माझ्याकडे बघून.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ज्या कॅमेऱ्यापायी हे घडलं त्याला आज सेकंडहँड बाजारातही कुणी विचारत नाही, तेव्हा त्याचं नाव घेऊन त्याला लाजवत नाही. पण त्या आठवड्यात तो नुसता जाहीर झाला होता, दुकानात यायला अवकाश होता, आणि न आलेल्या वस्तूबद्दल माणूस जितक्या खात्रीनं बोलतो तितक्या खात्रीनं आलेल्या वस्तूबद्दल कधीच बोलत नाही. तो होता मिररलेस, म्हणजे पोटातला आरसा काढून टाकलेला कॅमेरा. आरसा गेला की लेन्स सेन्सरच्या जवळ सरकणार, लेन्स जवळ सरकली की फोटोचे कोपरे धारदार होणार, असा मगदूमसाहेबांचा सिद्धान्त होता. कंपनीनं नमुन्याचे फोटो वेबसाइटवर टाकले होते. ते बघून साहेबांना आठवडाभर झोप नव्हती, असं त्यांच्या घरूनच कळलं होतं. घरून कसं, ते पुढे येईल.

भूपाल मगदूम पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते आणि आमच्या कृष्णाकाठ छायाचित्र मंडळाचे अध्यक्ष. धरण बघायला गेल्यावर लोक पाणी बघतात, मी कड बघतो, असं ते सांगत. गळती कडेनं सुरू होते. हाच नियम त्यांनी निवृत्तीनंतर फोटोंना लावला. मध्यभागी सगळेच कॅमेरे चांगले असतात, कॅमेऱ्याची लायकी कळते ती कोपऱ्यात. त्यातूनच मंडळात कोपरेवाचनाची प्रथा पडली. पाडव्याला पंचांग वाचतात तसं आमच्याकडे नवा कॅमेरा जाहीर झाला की कोपरे वाचले जात. फोटो दुप्पट मोठा करायचा, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि प्रदक्षिणेच्या दिशेनं चारही कोपरे घ्यायचे. मध्यभाग शेवटी, वेळ उरला तर. आणि अख्खा फोटो आधी बघायचा नाही, हा सर्वांत कडक नियम. फोटोत काय आहे ते कळलं की मन विचलित होतं, असं साहेबांचं म्हणणं. म्हणून फाइल उघडताना शिराळकर प्रोजेक्टरच्या तोंडावर तळहात धरायचे आणि कोपरा मिळाल्यावरच काढायचे. गाभाऱ्यात पडदा सारल्यासारखं वाटायचं.

साहेबांच्या घरचा अल्बम मंडळात प्रसिद्ध होता. नवी लेन्स आली की ते मुलीला चौकटीच्या कडेला उभं करत, तिच्या हातात वर्तमानपत्र देत आणि फोटो धुऊन आल्यावर त्यातली अक्षरं वाचता येतात का ते बघत. विजापूरच्या सहलीत मध्ये गोल घुमट आणि उजव्या काठाला फ्रॉकमधली एक मुलगी, अग्रलेख धरून. दहावीच्या निकालाच्या दिवशी मध्ये तुळशी वृंदावन, डावीकडे खाली तीच मुलगी, बाजारभावाचं पान धरून. आम्ही सगळ्यांनी तो अल्बम कौतुकानं पाहिला होता. अक्षरं खरोखरच वाचता येत होती.

ती मुलगी म्हणजे त्रिशला. पुढे ती दातांची डॉक्टर झाली आणि शिराळकरांच्याच दवाखान्यात काम करू लागली. माझी अक्कलदाढ तिनं काढली. अक्कलदाढ गेल्यावर माणूस जे करतो तेच मी केलं. दीड वर्ष झालं तरी ते तिच्या वडिलांना सांगायचं धाडस मला होत नव्हतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारा शेखर ओतारी. आमची जात वेगळी, माझा पगार बेताचा, आणि माझा कॅमेरा आरसेवाला, तोही सेकंडहँड. यातली तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं.

त्रिशलाचा धीर मात्र संपला होता. पुढच्या रविवारी बेळगावचं एक स्थळ तिला बघायला येणार होतं. मुलगा इंजिनिअर, शिवाय त्याच्याकडे म्हणे महागातल्या लेन्सा होत्या. तिनं मला शांतपणे बजावलं होतं, "या रविवारी वाचन संपलं की अण्णांशी बोल. नाहीतर पुढच्या रविवारी मी बेळगावकरांना पोहे देणार. आणि ते चांगले झाले तर माझा दोष नाही."

तर मी आज बोलायला आलो होतो. घरातून निघताना वाक्य पाठ केलं होतं. मगदूमांच्या पायऱ्या चढेपर्यंत त्यातलं क्रियापद गळालं, आणि भिंतीवर चिंच उमटल्यावर उरलेलंही गेलं.

ही चिंच इथं आली कशी, ते मला कळेना. त्या दिवशीचं वाचन साधं नव्हतं. शिराळकर आरसेवाल्यांच्या पक्षाचे. त्यांनी मगदूमसाहेबांना भर बैठकीत सुनावलं होतं की तुम्ही कंपनीचं नाव वाचून कौतुक करता, नाव झाकलं तर तुम्हाला फरक कळणार नाही. साहेबांनी आव्हान घेतलं. चार फोटो ठरले, क, ख, ग आणि घ. त्यातला एक नव्या मिररलेसचा, वेबसाइटवरून घेतलेला. बाकी तीन सभासदांच्या जुन्या कॅमेऱ्यांचे. कुठला कुणाचा ते फक्त शिराळकरांना माहीत. मी माझा फोटो पेनड्राइव्हवर घालून बुधवारी दवाखान्यात नेला होता, तेव्हा शिराळकर कुणाच्या तरी दाढेत गुंतले होते. त्रिशला म्हणाली, ठेव, मी देते सरांना. माझा फोटो आयर्विन पुलाचा होता. कमानी नेटक्या होत्या आणि त्यात कुणाचीही मुलगी नव्हती.

"बघा," मगदूमसाहेबांचा आवाज कापरा झाला होता. "पानं मोजा. एकेक पान सुटं. चिंचेचं पान म्हणजे परीक्षा असते हो. भल्याभल्या लेन्सांचा इथं पालापाचोळा होतो."

आधीचा 'क' त्यांनी पाच मिनिटांत निकालात काढला होता. त्याच्या कोपऱ्यात कुठल्यातरी शहरातली कौलं होती. साहेबांनी ती नुसती बघितली आणि "गाळ" म्हणाले. पाटबंधारे खात्यात यापेक्षा वाईट शब्द नाही.

"वरचा उजवा."

शिराळकरांनी तळहात आडवा धरला, बोट फिरवलं, हात काढला. पुन्हा चिंच. या फिरवण्यात लॅपटॉपच्या पडद्यावर मध्यभाग सरकून गेला असणार, म्हणजे शिराळकरांना ती दिसली असणार. त्यांच्याच दवाखान्यातली डॉक्टर. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते कुणाच्यातरी दातांची मुळं तपासताना बघतात तसे पडद्याकडे बघत होते, निर्विकार.

मग खालचा उजवा कोपरा आला. घाटाच्या पायऱ्या, दगडांच्या फटीतलं गवत, एका पायरीवर कुणीतरी खडूनं आखलेला सोंगट्यांचा पट. साहेब आता गुडघ्यावर बसले होते. खालच्या डाव्या कोपऱ्यात पाण्याची कड होती आणि तिथं इरकल साडीच्या पदराचा बोटभर काठ वाऱ्यानं उडून आला होता. तो पदर त्रिशलाचा होता. साहेबांनी काठाचा एकेक धागा बघितला आणि समाधानानं मान हलवली.

माझी मदार आता फक्त सूर्यावर होती. मगदूमांचं घर जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारं. त्यामुळे बैठक उन्हं उतरली की उठायचीच. मध्यभागापर्यंत वेळ क्वचितच उरायचा. मी खिडकीकडे बघून त्या पिवळ्या पडत चाललेल्या उन्हाला मनातल्या मनात घाई करत होतो. मांडीवरचं हेल्मेट मी दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं.

त्या हेल्मेटबद्दलही सांगायला हवं. ते नारिंगी होतं, झेंडूसारखं. सांगलीत तेव्हा हेल्मेट घालणं म्हणजे काहीतरी लपवणं समजलं जाई, आणि माझ्या बाबतीत ते खरंही होतं. त्रिशलाबरोबर कुठं गेलो की मी ते डोक्यावरून काढत नसे, म्हणजे ओळखीचं कुणी दिसलं तर पंचाईत नको. फक्त पुढची काच वर करायची. फोटोसुद्धा तसाच काढायचो. गावात हेल्मेट घालणारा मी जवळजवळ एकटाच असल्यामुळे लोक मला लांबूनच ओळखत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मगदूमसाहेब उठले, गुडघे झटकले आणि आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. धरणाचे दरवाजे उघडताना मंत्र्यांच्या चेहऱ्यावर असतो तसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. ग आणि घ बघायची गरज नाही, असं त्यांनी जाहीर केलं. हाच नवा मिररलेस. आरसा ठेवून असे कोपरे मिळत नाहीत, मिळाले तर मी आजपासून कॅमेऱ्याला हात लावणार नाही. टाळ्या वाजल्या. शिराळकरांनीही वाजवल्या, जरा हळू.

मी सुटलो होतो. खुर्चीतून अर्धा उठलोही होतो.

तेवढ्यात स्वयंपाकघराचा पडदा सरला आणि साहेबांच्या पत्नी पद्माकाकू स्वतः चहा-भडंगाचा ट्रे घेऊन हॉलमध्ये आल्या. मंडळाच्या इतिहासात असं झालं नव्हतं. चहा आणि भडंग नेहमी मधल्या खिडकीतून आत सरकवले जायचे आणि सर्वांत तरुण सभासद म्हणून मी ते वाटायचो. काकूंना या बैठकांची मनापासून चीड होती. आज त्या ट्रे ठेवून गेल्या नाहीत. भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तुमचे हे तुकडे मला कळत नाहीत. अख्खा दाखवा की एकदा."

शिराळकरांनी साहेबांकडे बघितलं. निकाल लागला होता, साहेब उदार झाले होते, त्यांनी हात हलवला. आणि भिंतीवर अख्खा फोटो उघडला.

सगळ्या सभासदांना कोपऱ्यांवरून मध्यभागी यायला थोडा वेळ लागला, सवय नव्हती. तिथं चिंचेच्या सावलीत, मोरपंखी इरकल नेसून, चष्मा लावलेली त्रिशला होती. एक हात कमरेवर, मान किंचित मागे, आणि तोंडभर हसू. मी काहीतरी मूर्खपणाचं बोललो होतो, त्यावरचं ते हसू होतं.

"ही आपली त्रिशला," काकू म्हणाल्या.

मगदूमसाहेब भिंतीला खेटून खालच्या उजव्या कोपऱ्याशीच उभे होते. त्यांनी मान वळवली नाही. "मॉडेल आहे ती," ते म्हणाले. "कंपनीची. जपानी असणार."

"जपानी."

"नमुन्याच्या फोटोत जपानीच असतात."

"मग माझी इरकल नेसून जपानी बाई हरिपूरला कशाला आली?"

साहेब चार पावलं मागं आले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर उतरवला. बराच वेळ बघत राहिले. त्यांचा आधी संताप झाला नाही, त्यांची आधी अडचण झाली. समोर मुलगी होती, पण ती मुलगी मान्य केली तर कॅमेरा जपानचा राहत नव्हता. दोन्ही गोष्टी एकदम त्यांच्या डोक्यात मावेनात, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

"कुणी काढला हा?" शेवटी ते म्हणाले.

शिराळकर म्हणाले की नाव झाकून ठेवायचं हे आपलंच ठरलं होतं. त्यांचा सूर मला विनाकारण आनंदी वाटला.

मगदूमसाहेबांनी त्यांच्या हातून लॅपटॉप घेतला. आणि मग त्यांनी ते केलं जे मंडळ स्थापन झाल्यापासून केलं नव्हतं. त्यांनी थेट मध्यभाग मोठा केला. त्रिशलाचा चेहरा भिंतभर झाला. मग नुसते डोळे. मग नुसत्या चष्म्याच्या काचा. आणि काचेत, उजव्या आणि डाव्या दोन्ही काचांत, घाटाच्या पायऱ्या, थोडं आकाश, आणि मधोमध एक ठिपका. त्यांनी आणखी मोठा केला. ठिपका नारिंगी होता. झेंडूसारखा. त्याच्या खाली कॅमेरा होता.

एकेक करून सगळ्यांच्या माना माझ्या मांडीकडे वळल्या.

हेल्मेट खुर्चीखाली सरकवायचा विचार माझ्या मनात आला होता, खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात त्रिशला येऊन उभी राहिली, आणि मी हेल्मेटसकट उभा राहिलो.

"ओतारीसर," मगदूमसाहेब म्हणाले. "अॅपर्चर किती होतं?"

"आठ."

"लेन्स?"

"पन्नासची. साधी."

"आणि कॅमेरा हा तुमचा? आरसेवाला?"

"हो."

"हातातच धरून काढला? स्टँड नव्हता?"

"नव्हता."

ते पुन्हा काचेतल्या ठिपक्याकडे वळले. "माझ्या मुलीचा फोटो काढताय, मला न विचारता, आणि हात जरासुद्धा हलला नाही तुमचा?"

"तेव्हा नाही हलला," मी म्हणालो. "आता हलतोय."

हेल्मेटची काच कटकट वाजत होती. मग पाठ केलेलं वाक्य क्रियापदासकट कुठूनतरी परत आलं आणि मी ते म्हटलं. मला त्रिशलाशी लग्न करायचं आहे, तिचीही इच्छा आहे, आणि आज तुम्हाला विचारायलाच आलो होतो. ट्रेमधलं भडंग उचलून चावत असलेल्या एका सभासदानं चावणं थांबवलं.

साहेब भडकायच्या बेतात होते. जात, पगार, दीड वर्षाची लपवालपवी, सगळं त्यांच्या कपाळावर जमून आलेलं दिसत होतं. पण काकू ट्रे तसाच धरून मधे उभ्या होत्या.

"भडकायचं ते नंतर भडका," त्या म्हणाल्या. "आधी मला एक सांगा. तुम्ही एवढे फोटो काढले तिचे. असं हसलेली आहे का ती एकातही?"

साहेब अल्बम आठवत असणार. मीही आठवत होतो. अग्रलेख, बाजारभाव, गोल घुमट.

"अण्णा," त्रिशला दारातूनच म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट थोडी गंमत होती. "त्या फोटोत मी मध्ये आहे. पहिल्यांदाच."

साहेबांनी लॅपटॉपवर बोट ठेवलं आणि फोटो हळूहळू लहान केला. काचा, डोळे, चेहरा, मग अख्खी त्रिशला, चिंच, पायऱ्या, पाणी. पुन्हा खुर्चीत बसून त्यांनी तो फोटो बघितला. बसून, लांबून, हात मांडीवर ठेवून, जसा आपण सगळे बघतो तसा. बाहेर उन्हं कलली. जेवणाची वेळ झाली होती, पण त्या घरात तो विषय कुणी काढेना.

"अॅपर्चर आठवर ठेवलंत ते बरं केलंत," ते म्हणाले. "लेन्स पूर्ण उघडी ठेवली असती तर डोळे तेवढे धारदार आले असते आणि बाकी सगळं गेलं असतं." मग कुणाकडेही न बघता, "अगं, बेळगावकरांना फोन कर. म्हणावं, पुढच्या रविवारी येऊ नका."

"कालच केलाय," काकू म्हणाल्या, आणि चहा वाटायला लागल्या.

मला उमगायला तेवढं पुरलं. बाकीचं शिराळकरांनी पायऱ्या उतरताना सांगितलं. आयर्विन पूल काढून चिंच घातली ती त्रिशलानं, काकूंना आधी सांगून आणि शिराळकरांच्या देखत. मी साहेबांसमोर तोंड उघडणार नाही, ही तिघांनाही खात्री होती. साहेब कोपऱ्यांतच अडकतील, याचीही होती. चहा कधी आणायचा तेवढं ठरवायचं होतं. तुम्हाला कधीपासून माहीत होतं, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, ज्याच्या तोंडात एक दातही किडलेला नाही तो माणूस आठवड्यातून दोनदा दवाखान्यात येऊन बसतो, तेव्हा डॉक्टरला थोडंफार कळतं.

नव्या मिररलेसचा फोटो 'क' होता. ज्याला साहेब गाळ म्हणाले, तो. कॅमेऱ्याला हात लावणार नाही ही प्रतिज्ञा त्यांनी तीन आठवडे पाळली आणि मग तोच मिररलेस विकत घेतला, कारण कंपनीनं सॉफ्टवेअर सुधारल्याचं जाहीर केलं होतं. आमच्या लग्नाचे फोटो त्यांनी स्वतः त्याच्यावर काढले. मांडवाच्या उजव्या खांबावर मांडववाल्याचा फोन नंबर आहे, तो आजही बिनचष्म्याचा वाचता येतो. मध्ये आम्ही दोघं आहोत. दोघांचेही डोळे मिटलेले आहेत.

चिंचेखालचा फोटो मात्र त्यांच्या हॉलमध्ये लागला आहे, ज्या भिंतीवर वाचन व्हायचं तिच्यावरच. त्यामुळे वाचन आता दुसऱ्या भिंतीवर होतं. फ्रेमवाल्याकडे ते मला बरोबर घेऊन गेले होते. पूर्वी पणजोबांच्या फोटोला असायची तशी लंबगोल चौकट त्यांनी निवडली. फ्रेमवाला जुना माणूस, साहेबांना चांगला ओळखणारा. त्यानं फोटोवर चौकट धरून दाखवली आणि भीत भीत विचारलं, साहेब, यात चारही कोपरे जातील, कापू का?

साहेबांनी फोटोकडे एकदा बघितलं.

"कापा," म्हणाले.